कोऱ्या जागेवरची टिकली

भरिताची वांगी बाजारात आली की मी चिडका होतो. लोकांना वाटतं थंडीमुळे. जळगावची थंडी ती काय आणि तिला घाबरायचं काय! आठ महिने भट्टीत भाजून निघालेल्या माणसाला दोन महिने मफलर गुंडाळायला मिळाला तर त्याने देवाचे आभारच मानावेत. पण हातगाडीवर ती हिरवी-पांढरी, लांबट, तुकतुकीत वांगी रचलेली दिसली, की भाजल्या सालीच्या वासाआधी माझ्या नाकात खारा वास येतो. समुद्राचा. जळगावात, समुद्रापासून इतक्या लांब! कोणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर म्हणतील, म्हातारा एकटा राहून राहून कामातून गेला.

आम्ही अंदमानला गेलो त्या वर्षीही वांगी नुकतीच आली होती. मी निवृत्त होऊन सहा महिने झाले होते आणि आमच्या कॉलनीतल्या एका टूरवाल्याने अंदमानची सहल काढली होती. बावीस माणसं, दोन आचारी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाचं एक पोतं आणि भरिताच्या वांग्यांची वेगळी करंडी. रेल्वेने चेन्नई, पुढे विमान. ती करंडी विमानात चढू द्यावी म्हणून आचाऱ्याने काउंटरवरच्या मुलीला जी विनवणी केली ती ऐकण्यासारखी होती. आमच्या लोकांना स्वर्गात नेऊन सोडलं तरी दारातच विचारतील, "आठे कळणानं पीठ भेटस का?"

इंदू, माझी बायको, पारोळ्याकडची. माझ्याशी ती कायम अहिराणीतच बोलायची. मी नोकरीमुळे प्रमाण मराठी बोलायला लागलो होतो आणि त्याचा मला उगाच तोरा होता. मी पाटबंधारे खात्यात होतो. चौतीस वर्षं गिरणेच्या कालव्यांवर फिरलो. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा बघायचा, किती पाणी सोडलं आणि शेवटच्या शेतापर्यंत किती पोचलं ते लिहायचं. पोहता मात्र येत नाही. कालव्याचं पाणी चहाच्या रंगाचं, त्याच्या आत काय आहे हे बघायची कधी गरजच पडली नाही. या नोकरीने मला एक खोड लावली, ती अजून सुटलेली नाही. कुणी काही म्हटलं की मी ते दुरुस्त करतो.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाणाऱ्या बोटीवर इंदू कठड्याला धरून उभी होती. एकदम ओरडली, "दखा दखा, पाखरं! पानीमाईन पाखरं उडी राहिनात!" मी बघितलं. म्हटलं, "पाखरं नाहीत ती. उडणारे मासे आहेत. पंख नसतात त्यांना, लांब पर असतात. त्यावर तरंगतात." टूरवाल्याच्या माहितीपत्रकात मी आदल्याच दिवशी वाचलं होतं. ती "हां का," म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे बघत राहिली. पुढे दोन तासांत तिने मला काही दाखवलं नाही. मला वाटलं, बोट लागली असेल.

आता सामानाचं सांगतो. आमच्याकडे कुठेही जायचं तर एक माणूस सामानाजवळ बसतो. गडावर जा, धबधब्यावर जा, लग्नाच्या मांडवात जा. पिशव्या, डबे, चपला, पोरांचे स्वेटर यांचा एक ढीग होतो आणि त्या ढिगापाशी एकाला बसवून बाकीचे मोकळे होतात. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण आमच्या घरात तो माणूस ठरलेला होता. "तुम्ही जा, मी बठस सामानजोडे," असं इंदू आपण होऊनच म्हणायची. आपण होऊन म्हणायची म्हणून तिला तेच आवडतं असं आम्ही सगळ्यांनी सोयीने धरून चाललो होतो. अजिंठा आमच्यापासून किती लांब? सकाळी निघालं तर दुपारी घरी जेवायला परत. तीन वेळा गेलो आम्ही. पहिल्यांदा मुलगा तान्हा होता, दुसऱ्यांदा माझी आई बरोबर होती, तिसऱ्यांदा पाहुणे होते. तिन्ही वेळा इंदू खाली झाडाखाली बसली. अजिंठ्याजवळ राहून या बाईने एकही लेणं बघितलं नाही, आणि मी घरी आल्यावर तिला सगळी चित्रं समजावून सांगायचो. आज हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

हॅवलॉकच्या त्या किनाऱ्यावर त्सुनामीत उन्मळलेली मोठाली झाडं तशीच आडवी पडली होती, उन्हाने पांढरी झालेली. पाणी असं की आधी हिरवं, मग निळं, मग आणखी निळं. तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा चष्मा, हाताशी रबरी ट्यूब, असं एकेकाला गाईड आत नेणार होते. आमच्या बायकांची नुसती खीखी चालली होती. मी सवयीने म्हटलं, "इंदू, सामान इथे सावलीत लाव." तिने सामान लावलं. नीट, एकावर एक. माझ्यासाठी एक सतरंजीही घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"आज तुम्ही बठा."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. तोवर ती निघाली होती. सहलीसाठी आयुष्यात पहिल्यांदा घेतलेला पंजाबी ड्रेस, वर ते फुगवलेलं केशरी जाकीट. तिच्याबरोबर सावद्याच्या लीलाअक्का. केळीवाल्यांच्या घरातल्या, आमच्याहून वयाने मोठ्या, दणदणीत बाई; सहलीतच दोघींची गट्टी जमली होती. पाण्यात शिरताना इंदूने मागे वळून पाहिलं नाही.

शेजारी एक बोटवाला दोर गुंडाळत बसला होता. म्हणाला, "साब, आप भी जाओ ना. सामान को यहाँ कोई हाथ नहीं लगाता." मी त्याच्यावर खेकसलो. काय बोललो आठवत नाही. खरं म्हणजे मला पाण्याची भीती वाटत होती आणि त्याला ते कळलं होतं.

मी बसून राहिलो. पंधरा मिनिटांत बाकीचे एकेक करून बाहेर आले, खोकत, हसत, "बापरे, काय दुनिया शे!" म्हणत. इंदू नव्हती. अर्धा तास झाला. पाऊण तास. लांब पाण्यावर दोन केशरी ठिपके दिसत होते. मला काळजी वाटत होती, पण माझ्या काळजीला रागाखेरीज दुसरी भाषा येत नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, चष्म्याचा वळ कपाळावर गोल उमटला होता आणि कपाळावरची टिकली गेली होती. मी म्हटलं, "वेळेचं काही भान? लोक खोळंबलेत." मग आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "काय दिसलं?"

"मासा दिखनात," ती केस पिळत म्हणाली. "समुद्रमा मासाच दिखतीन ना!"

बस्स. विषय संपला. त्या दिवशी जेवायला भरीत होतं, वांगी गॅसवर भाजलेली, तुरीच्या काड्यांच्या धुराची चव नव्हती. सगळ्यांनी नावं ठेवली. इंदूने मात्र दोनदा मागून घेतलं.

परत आल्यावर तिच्यात काही बदललं होतं का? मी आता शोधतो म्हणून मला सापडतं, की तेव्हाही होतं? भाकरी थापता थापता ती मध्येच थांबायची. उन्हाळ्यात कूलरसमोर डोळे मिटून बसलेली असायची आणि गालात हसायची. "काय गं?" म्हटलं तर "काही नही." मेहरूण तलावावर आम्ही सकाळी फिरायला जायचो, तिथे ती काठाशी उभी राहून त्या गढूळ पाण्यात बघायची. "काही दिसणार नाही त्यात, गाळ आहे नुसता," मी सांगायचो. ती मान डोलवायची आणि आम्ही बोरं विकत घेऊन घरी यायचो.

तिला जाऊन दोन वर्षं होतील. भाजी निवडता निवडता गेली. हृदय बंद पडलं म्हणाले. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणाला, "बाबा, चला." मी म्हटलं, बघू. अजून बघतोच आहे. रविवारी त्याचा फोन येतो. "जेवलात का?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." मग आम्ही फोन ठेवतो. घरात दिवसभरात मी किती वाक्यं बोलतो हे एकदा लक्षात ठेवून बघितलं. दूधवाल्याशी एक, आणि मांजर आलं तर एक.

गेल्या हिवाळ्यात गोधड्या काढायला तिची लोखंडी पेटी उघडली. तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत एक प्लास्टिकचं कार्ड निघालं. वहीच्या पानाएवढं, पाण्यात भिजलं तरी खराब न होणारं. हॅवलॉकच्या धक्क्यावरच्या दुकानात असली कार्डं टांगलेली मी पाहिली होती. त्यावर तिथल्या प्रवाळात राहणाऱ्या जिवांची रंगीत चित्रं, खाली इंग्रजीत नावं. तिने हे कधी घेतलं, मला पत्ता नाही. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. पण काही चित्रांशेजारी तिने टिकल्या चिकटवल्या होत्या. रोज लावायची त्या बारीक, मरून. आपण आरशावर चिकटवून ठेवतो तशा. मला कळायला थोडा वेळ लागला. जे जे दिसलं, त्याच्यापाशी टिकली.

चित्रांपाशी अकरा होत्या. मासे नुसते नव्हते, बरं का! निळाशार तारामासा होता. वाळूत लोळणारी समुद्रकाकडी होती. दगडाच्या फटीतून तोंड वासून बघणारी वाम, अंग फुगवून काटे उभे करणारा केंड, पाठीवर निळे ठिपके असलेला चपटा पाकट. कासवापाशी टिकली नव्हती. त्या भागात कासवं दिसतात म्हणून गाईड आमच्या मागे लागला होता, पण हिला दिसलं नसणार. नाही दिसलं, तर नाही लावली. तिला कुणी तपासणार नव्हतं, तरीही.

मी ते कार्ड घेऊन जमिनीवरच बसलो. पेटी उघडी, गोधड्या बाहेर. पाय मुंग्या येऊन बधिर होईपर्यंत बसलो.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे वागलो. माहिती काढायला लागलो. वाचनालयातून सागरी जीवांवरची पुस्तकं आणली, मोबाईलवर व्हिडिओ बघितले, ज्या माणसाने जन्मात मासा खाल्ला नाही तो माशांची कोकणी नावं पाठ करायला लागला. पोपटमासा पोपटाच्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, दळतो आणि त्याची वाळू करून मागे टाकतो. असल्या बेटांवरची पांढरी वाळू बरीचशी त्याचीच. म्हणजे मी ज्या वाळूवर सतरंजी घालून रागावून बसलो होतो, ती तयार होताना इंदू आत जाऊन बघून आली होती. समुद्रफुलाच्या विषारी बोटांमध्ये राहणारा तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउन मासा असतो ना, त्यांच्या घरात सगळ्यांत मोठी मादी. ती मेली की तिचा नर हळूहळू स्वतःच मादी होतो आणि तिची जागा घेतो. हे वाचलं, पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पीठ मळायला घेतलं. माझी भाकरी अजूनही कडेला चिरते.

पुस्तकात मोठ्या शिंपल्याचं एक पान होतं. कडा निळ्या-जांभळ्या, मखमलीसारख्या. एकदा तळाला चिकटला की तो जागा सोडत नाही, जन्मभर तिथेच बसतो, असं लिहिलं होतं. कार्डावर त्याच्याजवळ टिकली होती. ते पान मी पुढे वाचलं नाही.

अकरांचं असं सगळं झालं. पण टिकल्या बारा होत्या.

बारावी कुठल्याच चित्रापाशी नव्हती. कार्डाच्या खाली उजवीकडे थोडी कोरी जागा सुटलेली, तिथे. आणि ती रोजची बारीक नव्हती. सणावाराला लावायची मोठी, मखमली होती. म्हणजे तिला असं काहीतरी दिसलं होतं जे कार्डावर नव्हतं. सगळ्यांत मोठं. किंवा सगळ्यांत सुंदर. किंवा मला सुचणारही नाही असं काही.

तिथून माझी झोप गेली म्हटलं तरी चालेल. डुगाँग असेल का? गाईसारखा पाण्यातलं गवत खाणारा तो भलामोठा, गरीब प्राणी अंदमानात आहे, पण फार थोडे उरलेत, सहसा दिसत नाहीत. पंख हलवत उडाल्यासारखा पोहणारा मोठा पाकट? रंग पालटणारी, पुष्कळ हातांची माकूल? डॉल्फिन? डॉल्फिन असता तर किनाऱ्यावर बोंबाबोंब झाली असती. मी यादी करायचो, एकेक नाव खोडायचो, सकाळी पुन्हा लिहायचो. तलावावर फिरताना मनाशी तिच्याशी भांडायचो. "अगं, एक शब्द बोलली असतीस तर काय झालं असतं?" मग आठवायचं, मीच विचारलं होतं. केस पिळत होती ती. "वेळेचं काही भान?" आधी ते म्हणालो होतो, आणि मग विचारलं होतं.

सदतीस वर्षांच्या संसारात या बाईला काय दिसलं हे मला एकदा तरी ठाऊक असावं, एवढंच मला हवं होतं. तेवढं कळलं असतं तर मला वाटलं असतं की मी अगदीच तिच्या शेजारून नुसता चालत गेलो नाही.

यंदा वांगी आली तेव्हा मी कार्ड पिशवीत घातलं आणि सावद्याची बस धरली. लीलाअक्का तिच्याबरोबर होत्या, हे मला वर्षभर ठाऊक होतं. तरी गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो, ते मला तिथे पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

अक्का मळ्यात होत्या. केळीच्या बागेच्या कडेला तुरीच्या काड्यांची आगटी पेटवलेली, त्यात वांगी टाकलेली. खाटेवर बसून सुनेला सूचना देत होत्या. मला बघून उठायला गेल्या आणि धाप लागून परत बसल्या.

"या भाऊ, या. किती वाळले हो तुम्ही!" त्या म्हणाल्या. "मले वाटलंच व्हतं, कधी ना कधी येसान."

मी इकडचं तिकडचं बोललो नाही. कार्ड काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, टिकल्यांवरून बोट फिरवत गेल्या, हसल्या. कोऱ्या जागेपाशी बोट थांबलं.

"हे मले माहीत हाये," त्या म्हणाल्या.

अक्का सावकाश सांगत होत्या. बाकीचे दमून परत फिरले तेव्हा गाईडने विचारलं, आणखी पुढे कोण येतं? जिथे प्रवाळ संपतं आणि तळ एकदम खोल जातो तिथपर्यंत. इंदूने हात वर केला. "तिची अन् माझी ट्यूब एकच, म्हनून मी गेले. मी तं घाबरून डोये मिटले व्हते, भाऊ. तिनं मले चिमटा काढला. उघडले तं खाली निळंच निळं. अन् त्याच्यातून ते वर आलं. आमच्या समोर येऊन थांबलं. इंदूकडं पाहत राह्यलं. लई वेळ. गाईड म्हने चला, ही ऐकेचना."

"मग?"

"मंग वर आलो. तिनं तोंडातली नळी काढली, अन् पहिली मले शप्पथ घातली. म्हने, अक्का, आमच्या ह्यायले सांगू नोको." अक्का माझ्याकडे बघेनात. काडीने आगटी उकरत राहिल्या. "म्हने, ह्यायले सांगितलं, का ते मलेच समजावून सांगतीन मी काय पाह्यलं ते."

सुनेने वांगी बाहेर काढली. ती लाकडी बडगीत ठेचायला लागली. असंच काही ऐकावं लागेल, या भीतीने मी वर्षभर इकडे फिरकलो नव्हतो.

"रागानं नाही म्हटली हो भाऊ," अक्का म्हणाल्या. "हासूनच म्हटली. आता ती नाही राह्यली. मरेल मानसाची शप्पथ काय धरून बसायची? सांगू का?"

वर्षभर मी ज्यासाठी तळमळत होतो ते हातभर अंतरावर होतं. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? वर आलं म्हणजे खोल पाण्यातलं. समोर थांबलं म्हणजे माणसाला न घाबरणारं. म्हणजे हे नाही, म्हणजे ते असणार, अक्कांनी नाव चुकीचं सांगितलं तरी मी बरोबर ओळखीन. अक्कांनी तोंड उघडायच्या आत मी ते दुरुस्त करायला तयार होऊन बसलो होतो. इंदूने मला पुरतं ओळखलं होतं.

"नका सांगू," मी म्हटलं.

"नोको?"

"नको, अक्का." आणि मला रडू फुटलं. सुनेसमोर, गड्यांसमोर, भर दुपारी. अक्कांनी मला रडू दिलं. मग ताटं आली.

लीलाअक्कांचं वय झालंय, जिना चढवत नाही, दम लागतो. त्यांच्याशिवाय हे आता कुणाला माहीत नाही. त्या गेल्या की ते जाईल. जाऊ दे. ते इंदूचं आहे.